माशी छताला उलटी कशी बसते? चिकटण्यापेक्षा उलटं होणं अवघड, आणि सुटणं त्याहून

विचारलंय ते थोडक्यात असं. माशी उडते तेव्हा सरळ असते, पाय खाली पाठ वर, मग छताला बसताना उलटी होते ती नेमकी कधी आणि कशी? तिच्या पायाला सक्शन कप असतात असं शाळेत ऐकलं होतं ते खरं का? आणि पायाला गोंद असेल तर स्प्रे मारल्यावर ती पटकन खाली का पडते, चिकटूनच राहायला हवी ना?

मी वीसेक वर्षं माश्या पाळतोय. हौस म्हणून नाही हो, कॉलेजच्या झूलॉजी लॅबमधली इन्सेक्टरी सांभाळणं हे माझं काम, म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे, आत वाटीत साखर आणि दूध पावडर, पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, आणि अळ्यांसाठी गव्हाचा कोंडा. घरी माझे लॅबचे कपडे वेगळ्या बादलीत भिजतात, त्याबद्दल मी कधी वाद घालत नाही. तर या विषयावर बोलायला मला कुणी विचारत नाही, तुम्ही विचारलंत, त्यामुळे जरा लांबणार.

सगळ्यांना वाटतं की खरं कोडं चिकटण्याचं आहे. माझ्या मते ते त्यातल्या त्यात सोपं आहे. घरातली साधी माशी साधारण 12 मिलिग्रॅम वजनाची, सहा पाय, प्रत्येक पायाला दोन गाद्या, म्हणजे बारा गाद्या. एका गादीच्या वाट्याला आला एक मिलिग्रॅम. म्हणजे काहीच नाही. कोडं आहे ते सरळ उडणारी वस्तू उलट्या जमिनीवर उतरवण्याचं, आणि त्याच्यानंतरचं दुसरं कोडं म्हणजे एकदा चिकटलेला पाय पुढच्या पावलासाठी सोडवायचा कसा.

आधी उतरण्याचं बघू. यावर फार जुना वाद आहे. एक बाजू म्हणायची माशी विमानासारखी कुशीवर वळून उलटी होते, दुसरी म्हणायची मागे अर्धी कोलांटी मारते. नुसत्या डोळ्यांनी बघून हे ठरणारच नव्हतं कारण सगळा प्रकार पापणी लवायच्या आत संपतो. 1962 साली हायझर नावाच्या अमेरिकन माणसाने हाय स्पीड फिल्म काढून सायन्स साप्ताहिकात छापलं की माशी आधी पुढचे दोन पाय डोक्यावर उंच करते, ते छताला टेकतात, आणि मग त्यांच्यावर लटकून बाकीचं अंग झोका घेऊन वर येतं. झाडाची फांदी दोन हातांनी पकडायची आणि मग पाय वर नेऊन फांदीला टेकवायचे, लहानपणी आंब्याच्या झाडावर आपण करायचो ना, तसंच काहीसं.

पण ते अर्धंच उत्तर होतं. 2019 मधे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले बो चेंग आणि आपल्या बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले संजय साने वगैरे मंडळींनी निळ्या माश्यांवर बारकाईने काम केलं. मटण मार्केटात घोंघावणारी ती धातूसारखी चमकणारी मोठी माशी असते ना, तिचीच ही थंड देशातली नातेवाईक. त्यांनी दाखवलं ते असं: माशी आधी वरच्या दिशेने वेग घेते. इथेच पहिली गंमत, आपण उतरताना वेग कमी करतो आणि ही वाढवते. मग छत जवळ आलं की अंगाला एक जोरदार गिरकी देते, त्यात कोलांटी आणि कुशीवर वळणं दोन्हीचं मिश्रण असतं, म्हणजे जुन्या वादात दोघंही थोडे थोडे बरोबर होते. गिरकी चालू असतानाच पाय पसरते. पुढचे पाय टेकले की ते बिजागरीसारखे होतात आणि उरलेला फेरा शरीराच्या स्वतःच्या झोकाने पूर्ण होतो, बाकीचे पाय जाऊन छताला लागतात. म्हणजे पाय नुसते पकडायचे हूक नाहीत, ते शॉक अ‍ॅब्सॉर्बर पण आहेत.

गिरकीचा वेग किती म्हणाल तर सेकंदाला हजारो अंश. अंदाज यावा म्हणून सांगतो, छताचा पंखा पाचवर मिनिटाला 350 फेऱ्या मारतो असं धरलं तर ते होतात सेकंदाला 2100 अंश. म्हणजे पंखा फुल स्पीडला जसा फिरतो त्या हिशोबात ही बाई स्वतः फिरते, फक्त अर्ध्या फेऱ्याच्या आसपास, आणि नेमकी थांबते. आणि दरवेळी जमतं असं अजिबात समजू नका. गिरकी कमी पडली तर पाय टेकल्यावर झोका जास्त घ्यावा लागतो, टायमिंग चुकलं तर डोकं आपटतं. साने यांच्याच लॅबमधून घरमाशीवर आलेल्या कामात उभ्या भिंतीवर उतरताना काही माश्या ब्रेक न लावता सरळ डोक्याने धडकताना दिसल्या. पिंजऱ्याच्या काचेच्या बाजूवर टक टक असा बारीक आवाज मी रोज ऐकतो, आधी वाटायचं माश्यांना काच दिसत नाही म्हणून, आता वाटतं त्यातले काही आवाज फसलेल्या लँडिंगचेही असणार.

आता गिरकी कधी मारायची हे तिला कळतं कसं? तिच्याकडे टेप नाही, छत किती फूट लांब आहे हे तिला माहीत नाही, आणि आपला वेग किती तेही नाही. पण एक गोष्ट डोळ्याला फुकट मिळते. हायवेला उभं राहून समोरून येणारी एसटी बघा. लांब असते तेव्हा ठिपका, बराच वेळ ठिपकाच, आणि मग शेवटच्या क्षणी एकदम भसकन मोठी होते. डोळ्यात एखादी गोष्ट किती झपाट्याने फुगतेय भागिले ती आत्ता किती मोठी दिसतेय, एवढ्या एका गुणोत्तरातून धडकायला किती वेळ उरलाय ते निघतं. अंतर नको, वेग नको. छताचे डाग, पोपडे, ट्यूबलाइटची पट्टी हे सगळं माशीच्या डोळ्यात फुगत येतं आणि 2019 च्या त्या कामात दिसलं की गिरकीची सुरुवात या फुगण्याशी जोडलेली आहे. एकेका डोळ्यात तीनेक हजार भिंगं, चित्र आपल्यापेक्षा कितीतरी ढोबळ पण हलणारी गोष्ट टिपायला मात्र भलतंच जलद.

आणि गिरकीत तोल? तिचे मागचे दोन पंख उत्क्रांतीत आखडून गदेसारखे दोन दांडे झालेत, हॅल्टियर म्हणतात त्यांना. ते पंखांच्याच वेगाने हलत असतात आणि अंग वळलं की त्यांच्या बुडाशी ताण येतो, तो मज्जातंतूंना कळतो. फोनमधला जायरोस्कोप साधारण याच तत्त्वावर चालतो, म्हणजे हलणारी वस्तू आणि वळण्याने तिच्यावर येणारा ताण. हे दांडे कापले तर माशीला धड उडता येत नाही.

एक प्रयोग मी दरवर्षी नव्या बॅचला दाखवतो आणि दरवर्षी कुणीतरी तोंडाचा आ करतं. माशीला दोन-तीन मिनिटं बर्फावर ठेवून गार करायची, पाठीवर मेणाचा बारीक थेंब देऊन टाचणीच्या टोकाला अडकवायची, आणि शुद्धीवर यायच्या आत पायात थर्मोकोलचा वाटाण्याएवढा गोळा द्यायचा. जागी झाली की ती गोळा सहा पायांनी धरून फिरवत बसते, तिच्या मते ती चालतेय. आता चिमट्याने गोळा काढून घ्या. ताबडतोब पंख सुरू, भर्रर्र. गोळा परत द्या, पंख बंद. काढा, सुरू. द्या, बंद. अगदी बटणासारखं. पायाखाली काही लागलं की उडणं थांबव, सुटलं की उड, ही आज्ञा पायापासून इतकी थेट जाते. छताला पाय लागल्या लागल्या इंजिन कसं बंद होतं त्याचा उलगडा यात आहे, आणि छतावरून पाय घसरलाच तर जमिनीवर न आपटता ती हवेतच उडायला लागते त्याचाही. (त्याच पायांना चवही कळते, हे जाता जाता. टाचणीवरच्या माशीचा पाय साखरेच्या पाण्याला लावला की सोंड आपोआप बाहेर येते. तुमच्या जिलबीवर ती उभी राहते म्हणजेच चाखते.)

हे घरी बघायचं असेल तर फोनच्या स्लो मोशनवर थोडंफार दिसतं. सेकंदाला 240 फ्रेमवर दोन चित्रांत 4 मिलिसेकंद जातात, म्हणजे गिरकीची मोजकीच चित्रं मिळतील पण मिळतील. ट्यूबच्या उजेडात चित्र लुकलुकतं, खिडकीजवळ दुपारी काढा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात दोन-तीन माश्या, झाकण आतून पांढऱ्या कागदाचं आणि त्यावर पेनने ठिपके, डबा आडवा नको उभा हवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा शंभरेक क्लिप काढल्या आणि त्यातल्या कामाच्या निघाल्या चार.

आता पाय. सक्शन कपची गोष्ट खोटी, पण खोटी म्हणून सोडून देण्यासारखी नाही कारण तिच्यामागे शंभर-दोनशे वर्षांचं भांडण आहे. 1665 मधे लंडनला रॉबर्ट हूकने माशीचा पाय मायक्रोस्कोपखाली बघून छान चित्र काढलं, दोन नख्या आणि खाली दोन तळवे, तळव्यांवर बारीक काटे. त्याच्याच काळातला हेन्री पॉवर म्हणायचा की तळव्यात स्पंजसारखा चिकट द्रव आहे, हूकला ते पटलं नव्हतं, तो म्हणाला काटे पृष्ठभागातल्या बारीक छिद्रांत अडकतात. मग 1816 मधे एव्हरर्ड होम नावाच्या सर्जनने सक्शनची कल्पना मांडली आणि तीच शाळेपर्यंत उरली. ती पाडली जॉन ब्लॅकवॉलने, अगदी सोप्या रीतीने: माशी काचेच्या भांड्यात ठेवली, पंपाने हवा काढून घेतली. सक्शन म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, हवाच नाही तर कप सुटायला पाहिजे. माशी काचेला तशीच चिकटून. मला हा प्रयोग फार आवडतो, ग्रँट लागत नाही. खरे सक्शन कप असलेली माशी जगात आहे बरं का, पण तिची अळी, हिमालयातल्या खळाळत्या ओढ्यांत दगडाला पोटावरच्या सहा कपांनी धरून बसते. छतावरची नव्हे.

मग आहे काय? सोनाराचं दहापट भिंग घ्या, काचेच्या ग्लासात माशी कोंडून बाहेरून तळवे बघा. नख्यांच्या खाली दोन फिकट पाकळ्या दिसतील, त्याच गाद्या. मायक्रोस्कोपमधे त्या गादीवर हजारो केस दिसतात, ब्रशसारखे, आणि प्रत्येक केसाचं टोक चपटं, फावड्यासारखं, एक-दोन मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्या टोकांना तेलकट द्रवाचा अतिसूक्ष्म थर असतो. म्हणजे पॉवर बिचारा बराच बरोबर होता, फक्त गोंद म्हणण्यापेक्षा तेल म्हणा. लॅबमधे दोन स्लाइड एकमेकींवर ठेवून मधे थेंबभर पाणी गेलं की त्या वर ओढून सुटत नाहीत, सरकवूनच सोडवाव्या लागतात, तेच तत्त्व. पाणी काही गोंद नाही, तरी पातळ थर दोन्हीकडच्या पृष्ठभागांना ओढून धरतो. माशी चालून गेलेल्या काचेवर योग्य मायक्रोस्कोपमधून त्या थेंबांच्या ओळी दिसतात, अक्षरशः पाऊलखुणा.

एका मोठ्या गादीऐवजी हजारो बारीक टोकं का? कारण काच सोडली तर कुठलाच पृष्ठभाग सपाट नसतो, आणि बारीक टोकं प्रत्येक खाचखळग्याला वेगवेगळी जुळवून घेतात. खडबडीत भिंतीवर नख्या काम करतात, गुळगुळीत काचेवर गाद्या. चुन्याच्या भिंतीवरही माशी मजेत बसते ती नख्यांच्या जोरावर. पण मधली एक गोची आहे, मायक्रॉनपेक्षा थोडा कमी असा बारीक खडबडीतपणा असला की नख्यांना पकडायला काही मिळत नाही आणि केसांची टोकंही नीट टेकत नाहीत. मेघालयातल्या घटपर्णी या कीटक खाणाऱ्या झाडाच्या सुरईत आतल्या भिंतीवर मेणाचे सूक्ष्म स्फटिक असतात ते हेच काम करतात. आम्ही कीटक वर चढू नयेत म्हणून भांड्याच्या काठाला टाल्कम पावडर अल्कोहोलमधे कालवून लावतो, अल्कोहोल उडून जातं आणि पावडरीचा थर राहतो. कण गाद्यांना चिकटतात आणि गाद्या निकामी. एकदा मी घाईत तो थर एका बाजूला द्यायचा विसरलो, सकाळी कॉरिडॉरच्या छतावर आमचा अर्धा स्टॉक होता, प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनच्या दारापर्यंत.

पाय चोळत बसते ती याचसाठी. लोकांना वाटतं काहीतरी कट शिजवतेय. केसांत धूळ गेली की पकड गेली, म्हणून साफसफाई.

आता माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग, सुटणं. चिकटवणं कुणालाही जमतं, फेव्हिकॉल आहेच. पण सेकंदाला कितीतरी पावलं टाकायची आणि प्रत्येक वेळी पाय जोर न लावता सुटला पाहिजे. युक्ती दिशेत आहे. केस तिरपे असतात, पाय अंगाकडे ओढला की टोकं टेकून बसतात, उलट ढकलला किंवा पिळला की एकेक ओळ सोलली जाते. सेलोटेप सरळ वर ओढून बघा आणि मग एका टोकाकडून सोलून बघा, जोरातला फरक बोटांना कळेल. स्टानिस्लाव गोर्ब आणि सहकाऱ्यांनी माशीच्या पायाचं चित्रण करून हे सगळे प्रकार दाखवले, कधी पाय सरकवते, कधी पिळते, कधी नख्यांचा टेकू घेऊन गादी उचकटते. छतावर उभी असताना दोन्ही बाजूंचे पाय किंचित आत, एकमेकांकडे ओढलेले असतात. या ओढण्याला स्नायू लागतात. हे लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नाला लागणार आहे.

माणसाला का जमत नाही असंही कुणीतरी विचारणारच. लांबी दहापट केली तर गादीचं क्षेत्रफळ शंभरपट होतं पण वजन हजारपट. 2016 मधे केंब्रिजच्या लोकांनी माइट नावाच्या, कोळ्याच्या नात्यातल्या बारीक किड्यांपासून पालीपर्यंत हिशोब मांडला, त्यात माणसाला भिंतीवर चालायला अंगाच्या 40 टक्के पृष्ठभागावर गाद्या लागतील असं निघालं. म्हणजे छातीपोटापासून मांड्यांपर्यंत पुढची बहुतेक बाजू. चालणार कसं मग.

तर स्प्रे. बाजारातल्या बहुतेक स्प्रेत पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक असतं, ते मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे बंदच होऊ देत नाही, त्यामुळे स्नायूंना भलतेसलते हुकूम जात राहतात. पाय झटके देतात, आत ओढून धरण्याची दिशा बिघडते, गाद्या सोलल्या जातात आणि बाई खाली, पाठीवर गरगर फिरत. तेल तिच्या पायाला तेव्हाही असतं, पण नुसत्या तेलाने भागत नाही. पालीचं उलट आहे, तिचे केस कोरडे, द्रव नाही, आणि तिची पकड पाय स्वतःच्या वजनाने ओढला गेला की बसते, 2014 मधे कॅलिफोर्नियात मेलेल्या पालींचे पाय ओढून बघितले तर जिवंत पालीइतकाच जोर लागला.

पण थांबा, तुमच्यापैकी कुणीतरी पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर किंवा वायरवर चिकटून मेलेली माशी बघितली असेल, पंख वर उचललेले, पोट फुगलेलं त्यावर पांढरे पट्टे, आणि भोवती काचेवर पिठासारखं पांढरं वर्तुळ. ती पायांनी चिकटलेली नसते. एन्टोमॉफ्थोरा नावाची बुरशी आहे, ती माशीच्या अंगात वाढते आणि मरायच्या आधी संध्याकाळी तिला उंच जागी चढायला लावते, तिथे माशी सोंड पृष्ठभागाला टेकवते आणि ती तिथेच चिकटते, मग बुरशी आपले बीजाणू खालच्या माश्यांवर उडवते. माझा एक अख्खा पिंजरा असा गेलाय. सकाळी बघितलं तर पाय सगळे मोकळे लोंबत होते आणि माश्या तोंडाने टांगलेल्या.